नऊ तारीख, प्रतापगड

सकाळी सव्वासहा

रोवणीच्या दिवसांत प्रतापगडातल्या बाया उजाडल्याबरोबर बांधीत जातात. सातला गेलं तर घरी म्हातारी माणसं आणि लेकरं तेवढी भेटतात. म्हणून आशाताई आणि मी आज सव्वासहालाच गावात पोचलो. रात्रभर पाऊस लागून होता. गडाची टेकडी ढगात गेली होती, रस्त्यावर घोट्याएवढा चिखल होता. महाशिवरात्रीला इथे लाखोंची यात्रा भरते. महादेवाला येणारी आणि ख्वाजा उस्मान गणी हारुनींच्या दर्ग्याला येणारी माणसं याच रस्त्याने चालतात. आषाढात मात्र गावाला धानाशिवाय दुसरं काही सुचत नाही.

पहिल्या घरातली सून एकवीस वर्षांची आहे. पाळी चुकून पंधरा दिवस झाले. आशाताईंनी ‘निश्चय’ची पट्टी दिली, दोन रेघा उमटल्या. सुनेने आधी दाराकडे पाहिलं.

“सासूले नोका सांगू, मॅडम. तिसरा लागल्याबिगर कोणाले सांगू नाही म्हणतात. नजर लागते.”

हा रिवाज मला कळतो. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडण्याची भीती सर्वांत जास्त असते. गावभर झालं आणि मग पडला, तर बोल सुनेनेच ऐकायचे. न सांगण्यात तिचा बचाव असतो. पण आरोग्याच्या दृष्टीने पाहिलं तर गर्भारपणातलं सर्वांत मोठं काम याच न सांगितलेल्या तीन-चार महिन्यांत होऊन जातं, आणि आमच्याकडे बाई येते ती ते उरकल्यावर.

पट्टीवरची दुसरी रेघ उमटते एचसीजी नावाच्या प्रथिनामुळे. गर्भ गर्भाशयाच्या अस्तराला धरला की काही दिवसांतच वारेच्या पेशी ते तयार करू लागतात. तिथून ते आईच्या रक्तात येतं, रक्तातून लघवीत. बाळाचं हृदय धडधडायला लागण्याआधीच वारेने आईच्या अंगभर आपली खबर पोचवलेली असते. आणि वार निम्मी बापाची असते. तिच्या पेशींमधली निम्मी जनुकं त्याच्याकडून आलेली. दुसऱ्या माणसाच्या कातडीचा तुकडा अंगावर लावला तर शरीर थोड्याच दिवसांत तो झडवून टाकतं. वारेला मात्र ते नऊ महिने ठेवून घेतं, रक्त पुरवतं, वाढू देतं. हे कसं जमतं, हा प्रश्न समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या कामांच्या यादीत नाही. तरीही मला रोज भेटणारे कितीतरी आजार या एका प्रश्नापाशी जाऊन थांबतात.

सुनेला मी एवढंच म्हटलं, “सासूला तू सांगशील तेव्हा सांग. नाव मात्र आजच लिहू. गोठणगावला तपासणी आहे, गाडी साडेनवाला येईल.” आज नऊ तारीख. दर महिन्याच्या नऊ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायांची डॉक्टरांकडून तपासणी होते. रोवणीचा रोज बुडेल म्हणून ती जरा घुटमळली, मग हो म्हणाली.

सकाळी साडेसात

गावाच्या दुसऱ्या टोकाचं हे घर गेले काही आठवडे माझ्या मनातून जात नव्हतं. बाई अठ्ठावीसची. दोनदा गर्भ राहिला, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात पडला. कोणीतरी शहरातल्या एका दवाखान्याचा पत्ता दिला. तिथे त्यांना सांगितलं गेलं की तुमचं शरीर नवऱ्याचा अंश मान्य करत नाही, म्हणून नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून त्यांची सुई तुम्हाला द्यावी लागेल. खर्चाचा आकडा ऐकून नवरा बैलजोडी विकायला निघाला होता, तीही ऐन रोवणीत.

मी ओसरीवर बसले आणि वेळ काढून बोलले. या उपचारामागचा विचार कुठून आला ते त्या दोघांना माहीत असायला हवं असं मला वाटलं. १९५३ साली पीटर मेडावार या इंग्रज शास्त्रज्ञाने हा प्रश्न पहिल्यांदा नीट मांडला: बाळ निम्मं परकं असताना आईचं शरीर त्याला हुसकून का लावत नाही? त्याने तीन शक्यता सुचवल्या. आई आणि बाळ यांच्यामध्ये वारेचा आडोसा असेल, किंवा बाळाची प्रथिनं अजून कच्ची असतील, किंवा गर्भारपणात आईची प्रतिकारशक्ती सुस्त पडत असेल. प्रश्न अचूक होता आणि मेडावारला पुढे १९६० साली, दुसऱ्या कामासाठी, नोबेलही मिळालं. पण या तीन उत्तरांमधून आई मुकाट सगळं सोसते असा समज पसरला, आणि जिचा गर्भ टिकत नाही तिच्या शरीराने सोसायला नकार दिला असा त्याचा उलटा अर्थही निघाला. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशींची सुई त्या काळातली आहे. त्या पेशी टोचल्या की आईच्या रक्तात वारेला झाकून ठेवणारी प्रतिपिंडं तयार होतील, अशी कल्पना होती.

ही कल्पना तपासली गेली आहे. अमेरिकेत कॅरोल ओबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांवर चाचणी केली. निम्म्यांना नवऱ्याच्या पेशी टोचल्या, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. पेशी टोचलेल्यांमध्ये ३६ टक्के स्त्रियांचा गर्भ टिकला, मिठाचं पाणी टोचलेल्यांमध्ये ४८ टक्के. त्यानंतर २००२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने संशोधनाबाहेर हा उपचार करायला मनाई केली. त्याला इतकी वर्षं झाल्यावर झाडीपट्टीतल्या शेतकऱ्याचे बैल त्यापायी विकले जावेत, याचा मला मनापासून राग येतो.

“बैल विकू नका, दादा,” मी म्हटलं. “आधी नागपूरला मेडिकलमध्ये दाखवा. चिठ्ठी मी देते.” तिथे थायरॉइड आणि साखर बघतील, गर्भाशयाची सोनोग्राफी करतील, आणि एक खास रक्ततपासणी करतील. काही बायांच्या रक्तात फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडं असतात. ती वारेच्या पेशींवरच्या एका प्रथिनाला चिकटतात, तिथल्या पेशींचं काम बिघडवतात, रक्ताच्या गुठळ्या करतात. आईच्या प्रतिकारशक्तीमुळे गर्भ पडल्याचं हे खरंखुरं, तपासून सिद्ध होणारं उदाहरण आहे. तपासणी बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा करावी लागते. निघालं तर गर्भारपणात अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन देतात, आणि पुष्कळ जणींचं बाळ हाती लागतं.

बाई इतका वेळ खाली पाहत होती. तिने विचारलं, “म्हणजे माह्या अंगानं नाई म्हटलं नोहोतं?”

नाही. दोनदा गर्भ पडलेल्या बायांपैकी बहुतेकींच्या बाबतीत असं कोणतंच कारण सापडत नाही, आणि कसल्याही सुईविना पुढचं बाळ टिकतं. हे मी तिला दोनदा सांगितलं, कारण तिसऱ्यांदा तिला धीर द्यायला मी तिथे असणार नव्हते.

सकाळी सव्वानऊ

अंगणवाडीत बाया जमल्या. एक पाच महिन्यांची गरोदर बाई पदर गुंडाळून कोपऱ्यात बसली होती, दातांवर दात आपटत. दोन दिवस ताप. आशाताईंनी बोटातून थेंब घेतला. पंधरा मिनिटांत पट्टीवर फाल्सिपेरमची रेघ आली.

तिची आई बरोबर होती. “लहानपणापासून कित्येकदा हिवताप आला हिले, मॅडम. मोठी झाल्यावर कधी एवढी झोपली नाई.”

आईचं निरीक्षण बरोबर होतं. हिवतापाच्या भागात वाढलेल्या माणसाच्या अंगात हळूहळू प्रतिपिंडं साठतात. गर्भारपणात मात्र परजीवीला नवीन जागा मिळते. १९९६ साली केनियातल्या बायांच्या वारा तपासताना मिखाल फ्राइड आणि पॅट्रिक डफी यांना दिसलं की वारेत साठलेल्या, परजीवी शिरलेल्या लाल पेशी तिथल्या एका विशिष्ट शर्करासाखळीला, कॉन्ड्रॉइटिन सल्फेट-ए हिला, चिकटून बसतात. पुढे २००३ साली या पेशींना चिकटवणारं परजीवीचं प्रथिन सापडलं, वार-टू-सीएसए. बाईच्या अंगात वार कधी नव्हतीच, त्यामुळे या प्रथिनाशी तिची गाठही कधी पडलेली नसते, आणि आयुष्यभराची कमाई एका महिन्यात अपुरी पडते. आफ्रिकेतल्या दाट हिवतापाच्या भागात पहिल्या-दुसऱ्या खेपेनंतर आईला या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं मिळतात आणि पुढची बाळंतपणं सुखाची जातात. आपल्याकडे हिवताप तेवढा दाट नाही. ही चांगली गोष्ट आहे, पण तिच्यामुळे ही कमाई व्हायला वावच राहत नाही. आपल्या भागात पहिली काय नि चौथी काय, प्रत्येक खेप धोक्याची. वारेत परजीवी भरले की बाळाला पोषण कमी पडतं, वजन घटतं, आईचं रक्त आटतं.

डॉक्टरांना फोन केला. पहिले तीन महिने उलटल्यामुळे हिवतापाच्या एसीटी गोळ्या देता येतात; प्रायमाक्विन गरोदरपणात द्यायचं नाही. पहिला डोस माझ्यासमोर गिळायला लावला आणि अर्धा तास बसवून ठेवलं, उलटी झाली तर पुन्हा देता यावा म्हणून. मच्छरदाणी घरात आहे का विचारलं. आहे, पण तिच्यात सासरे झोपतात. आजपासून ती झोपेल, असं आशाताईंनी त्या आईला स्पष्ट बजावलं.

साडेदहा ते बारा

गोठणगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रांग. वजन, उंची, बीपी, हिमोग्लोबिन, सिकलसेलची सोल्युबिलिटी, लघवीची पट्टी. कॅल्शियमची गोळी जेवणासोबत आणि लोहाची वेगळ्या वेळी, हे प्रत्येकीला पुन्हा. ज्यांना धोका नाही त्यांच्या कार्डावर हिरवा ठिपका, ज्यांना आहे त्यांच्या कार्डावर लाल.

टीडीच्या सुईपाशी एक सासू अडली. मोबाईलवर तिच्या मुलाला काहीतरी आलं होतं की धनुर्वाताच्या सुईने पुढे मूल होत नाही. ही अफवा जुनी आहे. १९९० च्या दशकात फिलिपिन्समध्ये होती, २०१४ मध्ये केनियात उठली. तिला धागा कुठून मिळाला ते सांगितल्याशिवाय ती मोडत नाही, असा माझा अनुभव आहे.

दिल्लीच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजीत डॉ. जी. पी. तलवार यांनी एचसीजीविरुद्ध लस तयार केली होती, पाळणा लांबवण्यासाठी. आईचं शरीर एचसीजीला एरवी कधीच परकं मानत नाही, म्हणून तलवारांनी ते प्रथिन धनुर्वाताच्या किंवा घटसर्पाच्या निर्जीव विषाला जोडलं. त्या परक्या जोडीदारामुळे शरीर जागं झालं. १९९४ साली निकाल छापून आला. १४८ स्त्रियांपैकी ११९ जणींच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडं तयार झाली, आणि ती पुरेशी असताना १,२२४ मासिक चक्रांत एकच गर्भ राहिला. प्रतिपिंडं ओसरल्यावर दिवस राहू शकले. हा सगळा प्रयोग स्त्रियांना सांगून, त्यांच्या संमतीने झाला. अफवा पसरवणाऱ्यांनी धनुर्वात आणि एचसीजी हे दोन शब्द उचलले आणि दवाखान्यातल्या साध्या सुईला चिकटवले. मला स्वतःला तलवारांचं हे काम फार महत्त्वाचं वाटतं. वारेतल्या एका प्रथिनाकडे आईची प्रतिकारशक्ती बोट रोखू लागली तर गर्भ रुजतच नाही, हे त्यातून उघड दिसलं; म्हणजे एरवी ती बोट रोखत नाही यालाच किती अर्थ आहे.

सासूला मी सांगितलं की टीडीच्या बाटलीत वारेचं कोणतंच प्रथिन नाही. त्यात धनुर्वात आणि घटसर्प यांची निर्जीव विषं आहेत. त्यांच्याविरुद्ध आईच्या अंगात तयार झालेली प्रतिपिंडं वार स्वतःहून उचलते आणि बाळाच्या रक्तात पोचवते. त्या कामासाठी वारेवर एफसीआरएन नावाचं वेगळं प्रथिन असतं. जन्मल्यावर बाळाची नाळ कशानेही कापली गेली तरी पहिले आठवडे ते या उसन्या प्रतिपिंडांवर तरतं. तिच्या पिढीत आठव्या-नवव्या दिवशी आचके येऊन गेलेली बाळं तिला आठवत होती. देशातून नवजात बाळांचा धनुर्वात जवळजवळ संपल्याचं २०१५ साली जाहीर झालं. तिने सुनेला दंड पुढे करायला सांगितलं.

आरएच निगेटिव्ह एकजण निघाली, दुसरी खेप. पहिल्या वेळी अँटी-डीची सुई मिळाली होती, त्यामुळे काळजी कमी. अप्रत्यक्ष कूम्ब्स तपासणीसाठी रक्त घेतलं, पुढच्या सुईसाठी अठ्ठाविसाव्या आठवड्याची तारीख कार्डावर लिहिली.

बारा वाजून पाच

तेहतीस आठवड्यांची पहिलटकरीण. चेहरा फुगलेला, बोटातली अंगठी रुतलेली. बीपी १६४/११२. पाच मिनिटं डाव्या कुशीवर निजवून पुन्हा घेतलं, तेवढंच. लघवीची पट्टी हिरवी गर्द झाली, अल्ब्युमिन तीन प्लस. “डोकं दुखते का?” काल रात्रीपासून. “डोळ्यापुढे?” काजवे चमकतात.

मागच्या महिन्यात तिचं बीपी बरोबर होतं.

डॉक्टरांनी निफेडिपिनची गोळी दिली. या गोळीची एक मोठी परीक्षा आपल्या विदर्भात झाली आहे. २०१५ ते २०१७ मध्ये नागपूरच्या दोन सरकारी दवाखान्यांत ८९४ गरोदर बायांवर तोंडाने घ्यायच्या तीन औषधांची तुलना केली गेली. सहा तासांत, काही अपाय न होता बीपी आटोक्यात आलेल्या बाया निफेडिपिन गटात ८४ टक्के, लॅबेटॅलॉल गटात ७७ आणि मिथाइलडोपा गटात ७६ टक्के होत्या. तिन्ही औषधं उपयोगी पडली. सलाईनचं यंत्र नसलेल्या केंद्रात गोळीवरही काम भागतं, हे नागपूरच्या त्या बायांमुळे जगाला कळलं.

मग गुडघ्यावर हातोडी मारून झटका पाहिला, श्वास मोजले, आणि दोन्ही कुल्ल्यांत मॅग्नेशियम सल्फेट, पाच-पाच ग्रॅम. फार दुखतं ते. तिने माझं मनगट धरलं आणि आवाज काढला नाही. ही सुई झटक्यांचा धोका निम्म्यावर आणते. २००२ साली ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांच्या चाचणीने ते पक्कं केलं. १०८ ला फोन झाला.

पाऊण ते अडीच

गाडी नवेगावबांधवरून कोहमाऱ्याकडे आणि तिथून गोंदियाला, बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात. दोन्हीकडे बांध्यांमध्ये रोवणी चाललेली. दर पंधरा मिनिटांनी मी बीपी घेत होते. सासू पायाशी बसली होती.

“काहून झालं जी असं? मीठ तं मी बंदच केलं होतं तिचं.”

मिठाने होत नाही, मी म्हटलं. तिला मी जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते.

हा आजार आज दिसला, पण त्याची सुरुवात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात झाली. गर्भ राहिला की गर्भाशयाच्या अस्तरात आईच्या प्रतिकारपेशी जमतात. पहिल्या तिमाहीत त्यांतल्या सत्तर टक्क्यांच्या आसपास एकाच जातीच्या असतात, गर्भाशयातल्या एनके पेशी. रक्तात फिरणाऱ्या एनके पेशी विषाणू लागलेल्या पेशींना मारतात. इथल्या मारत नाहीत. वारेतून अस्तरात शिरणाऱ्या पेशी अंगावर एचएलए-ए आणि एचएलए-बी ही प्रथिनं ठेवतच नाहीत, ज्यांच्यापायी मूत्रपिंडाचं रोपण फसतं. त्या दाखवतात एचएलए-सी, एचएलए-ई आणि एचएलए-जी. यातलं एचएलए-जी वारेच्या पेशींवर असल्याचं १९९० साली कळलं. आईच्या पेशी ही प्रथिनं ओळखतात आणि त्या ओळखीतून गर्भाशयाच्या बारीक, वळणदार रक्तवाहिन्या सैल करायला मदत करतात. मग वारेच्या पेशी त्या वाहिन्यांमध्ये शिरून त्यांना रुंद करतात. पऱ्हे लावण्याआधी चिखलणी करावी लागते, तसं हे आहे. जमीन नीट भिजून मऊ झाली नाही तर पऱ्हे उभे राहतात पण धरत नाहीत. हे काम दहाव्या आठवड्यापासून अठराव्या-विसाव्यापर्यंत चालतं. मेडावारच्या तिसऱ्या शक्यतेतली सुस्त आई कुठे सापडली नाही. सापडली ती वार रुजवण्यासाठी राबणारी.

कधीकधी ही ओळख अर्धवट होते. वाहिन्या अरुंद राहतात. वारेला रक्त कमी पडतं, आणि ती आईच्या रक्तात एसफ्लट-वन नावाचं प्रथिन जादा सोडू लागते. तेव्हा बोस्टनमध्ये काम करणारे भारतीय डॉक्टर अनंत करुमंची यांच्या गटाने २००३ साली हे दाखवलं. आईच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर ज्या द्रव्यांवर तग धरतं ती द्रव्यं हे प्रथिन अडकवून ठेवतं. वाहिन्या आवळतात, बीपी चढतं, मूत्रपिंडातून प्रथिन गळतं, मेंदूला सूज येते. काही बायांच्या रक्तात स्वतःच्याच वाहिन्यांना आवळणारी प्रतिपिंडंही सापडतात. ती १९९९ साली बर्लिनमध्ये आढळली.

सासूने बराच वेळ ऐकून विचारलं, “मंग दोष कोणाचा म्हणावं?”

कोणाचाच नाही. केंब्रिजच्या अ‍ॅश्ली मॉफेट यांच्या गटाला २००४ साली आढळलं की आईच्या एनके पेशींवरचा एक प्रकारचा ग्राही आणि बाळाच्या एचएलए-सीचा एक प्रकार असे दोघे समोरासमोर आले तर हा आजार जास्त होतो. दोन्ही आपापल्या जागी निरोगी. बाळाचं निम्मं एचएलए-सी बापाकडून येतं.

“म्हणजे आमच्या पोराकडूनबी?”

“हो. आणि त्याचाही दोष नाही, मावशी.”

तिने सुनेच्या तळपायावर हात ठेवला. एवढं कळलं तरी खूप होतं, कारण उद्या घरी बाळ लहान आलं तर गावात पहिलं नाव सुनेचंच घेतलं जाणार.

संध्याकाळी

तिला दाखल करून, कागद देऊन निघाले. बल्लारशाकडे जाणारी गाडी मिळाली. सौंदड सोडल्यावर वही काढली आणि सोळा आठवड्यांच्या आतल्या बायांची यादी केली.

गर्भारपणातल्या या बीपीच्या आजारावर आपल्या हातात असलेलं प्रतिबंधाचं औषध अ‍ॅस्पिरिन आहे, अगदी कमी मात्रेचं, आणि ते सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झालं तरच खरा उपयोग होतो. पहिलटकरणींवरच्या एका मोठ्या चाचणीत सहा देशांतल्या अकरा हजारांवर बाया होत्या. त्यांत नागपूर परिसरातल्या आणि बेळगावकडच्याही होत्या. २०२० साली निकाल आला. सहा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान सुरू केलेल्या रोजच्या एका गोळीने अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर आली. फरक लहान दिसतो. आमच्या तालुक्यात दीड किलोचं बाळ घेऊन गोंदियाला धावणाऱ्या घरांना तो लहान नाही.

यादीत कोणाच्या नावापुढे खूण करायची? जुळं, आधीचं बीपी, साखर, मूत्रपिंडाचा आजार, मागच्या खेपेला बीपी वाढलेलं. पहिली खेप आणि त्याबरोबर आणखी एखादं कारण. दुसरं लग्न झालेल्या दोघींच्या नावापुढेही मी खूण केली. ग्वाडलूप बेटावर रोबियार या डॉक्टरांनी १९९४ साली दाखवलं की नव्या बापाचं पहिलं बाळ पहिल्या खेपेसारखंच धोक्याचं असतं, आणि गर्भ राहण्याआधी नवरा-बायको जितके जास्त दिवस एकत्र राहिलेले तितका धोका कमी. शरीराला बापाच्या प्रथिनांची आधीपासून ओळख लागते, असा त्यांचा अर्थ. नॉर्वेतल्या नोंदींवरून पुढे दुसरं कारण सुचवलं गेलं, दोन बाळंतपणांमधल्या मोठ्या अंतराचं. कारण कोणतंही असो, त्या बायांकडे लवकर पाहायला हवं. गोळी द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. त्यांच्यापुढे नाव वेळेत नेणं माझं काम.

यादी छोटी आहे. बाया कमी आहेत म्हणून छोटी नाही. कितीतरी जणी अजून कोणाला सांगायचं नाही अशा महिन्यांत आहेत आणि आज गुडघाभर पाण्यात वाकून रोवणी करत होत्या.

रात्री पावणेनऊ

गोंदियाहून सासूचा फोन. बीपी १४०/९० वर आलं. झटका आला नाही. बाळाची फुप्फुसं पिकावीत म्हणून डेक्सामेथासोनच्या सुया सुरू केल्या आहेत. त्या पूर्ण झाल्यावर बाळंत करायचं का ते ठरेल. मी तिला पुन्हा समजावलं की वार बाहेर पडल्याशिवाय हा आजार जात नाही, सगळी औषधं तोवर वेळ मिळवून देतात. आणि बाळंत झाल्यावरही काही दिवस झटक्याची भीती राहते, म्हणून घाईने सुट्टी मागू नका.

“अन् वार? ते देतीन का आमाले? अंगणात पुराची आहे.”

दवाखान्यात ती नियमाने पिवळ्या पिशवीत जाते, मी म्हटलं, पण डॉक्टरांना विचारून पाहा. मिळाली नाही तरी निदान पाहून घ्या. नेहमीपेक्षा लहान असेल, कुठे कुठे रक्त न पोचल्याचे पांढरट, कडक डाग असतील. आजचं सगळं कुठून आलं ते तुम्हाला डोळ्यांनी दिसेल.

“पाहीन,” ती म्हणाली. मग तिने मुलाकडे फोन दिला. त्याला उद्या काय काय आणायचं ते सांगितलं: माता-बाल कार्ड, बँकेचं पासबुक, आधार, दोन जुनी मऊ लुगडी, आणि रक्त द्यायला तयार असलेला एखादा मित्र.